ना हरकत

एकवीस वर्षं मी माणसं परदेशी पाठवतो आहे,
ताळगावचं पठार, दुसरा मजला, खोली दोनशे चौदा,
खिडकीबाहेर काजूचं एक झाड आणि कुलगुरूंची गाडी.
भौतिकशास्त्राचे केंकरे सर, तीनदा जर्मनी.
सागरविज्ञानाच्या डॉ. लूर्दिस आताईद, नॉर्वे.
जाताना म्हणाल्या, गुणाजी, माशाच्या कानात खडा असतो,
त्यावरून त्याचं वय कळतं, ते मोजायला चालले.
मी त्यांचं वय सेवापुस्तिकेवरून मोजलं,
अर्जित रजा शिल्लक एकशे बारा,
ना हरकत, शिक्का.

येताना सगळे काहीतरी आणायचे.
चॉकलेट, फ्रिजला चिकटणारी पवनचक्की,
एकदा एक पेन, आत पाणी, पाण्यात वरखाली जाणारी होडी.
माझ्या टेबलाच्या काचेखाली
अकरा देशांची पोस्टकार्डं आहेत.
त्यांच्यावर डबा ठेवून मी जेवतो.

मग मार्चात ते परिपत्रक आलं.
शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठीसुद्धा. एक महिना. तार्तू, एस्टोनिया.
मीच त्याला आवक क्रमांक घातला, मीच फलकावर लावलं,
चार टाचण्या.
संध्याकाळी साखळीच्या बसमध्ये, उभ्याने,
बाणस्तारीच्या पुलावर लक्षात आलं,
शिक्षकेतर म्हणजे मी.
हजारदा लिहिला होता तो शब्द,
वाचला नव्हता.

अर्जात विचारलं होतं,
आपल्या कामाचा गाभा दोनशे शब्दांत सांगा.
मी लिहिलं: कागद हरवू न देणं.
एकशे शहाण्णव शब्द उरले.
ते शेवटी मुलीने भरले, ती बी.कॉम.ला आहे.

स्वतःच्या फाइलवर ना हरकत स्वतःला देता येत नाही.
ती सहायक कुलसचिवांनी दिली, नऊ दिवसांनी,
समासात लाल शाईने विचारून: परत येणार ना?
सुलक्षाने सोलं बांधून दिली, सुंगटं काढून घेतली, विमानात वास नको.
कोट आताईद बाईंचा, नॉर्वेचा.
गुंड्या उलट्या बाजूला. महिनाभर
माझे हात चुकत राहिले.

तिथे नदीवरून लोक चालत होते.
मांडवीला हे कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं.
समोरच्या टेबलावर मारिका, माझ्याच वयाची,
तीही माणसं पाठवते, एकोणीस वर्षं,
आणि कागद एकही नाही.
दोरा नाही, टाचणी नाही, कपाट नाही,
सगळं एका पडद्यावर, बोट लावलं की सही.
मी माझे हात मांडीवर ठेवून बसायचो,
लग्नात ओळखीचं कुणी नसलं की बसतो तसा.
दुपारी ती राईचा काळा पाव काढायची,
टेबलावरच खायची. मी सोलांचं पाणी दिलं.
तिने डोळे मिटले, आंबटाने की कशाने, विचारलं नाही.

आमच्या लेखापरीक्षेला गोल शिक्का लागतो
हे तिला समजवायला दोन दिवस गेले.
शेवटच्या दिवशी ती खाली वाकली,
सर्वांत खालचा खण, तो अडकतो, तिने गुडघा लावला,
जुना लाकडी शिक्का काढला.
पॅडची शाई कधीच वाळलेली.
मग तिने तो ओठांजवळ धरला
आणि त्यावर हाऽ केलं.

हे मी करतो.
हे मला साखळीच्या तलाठ्याने शिकवलं होतं,
तिला कुणी, कोण जाणे.

ब्राझ शिपाई विचारतो, बर्फ कसा असतो रे?
मी सांगतो, पायाखाली पापडासारखा.
चॉकलेट वाटली. कोट धुऊन परत दिला.
काचेखाली बारावं कार्ड सरकवलं, ते मीच मला पाठवलेलं,
माझ्यानंतर सतरा दिवसांनी पोचलं.

काल लेखापरीक्षेचा आक्षेप आला, क्रमांक चार:
हजेरी प्रमाणपत्रावरील शिक्का अस्पष्ट.
खुलासा करावा.
बराच वेळ पेन उघडून बसलो.
मग लिहिलं,
थंडीमुळे.